वीतभर लाकूड

जबलपूरचं कमानिया गेट त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभारलेलं आहे. मार्च 1939 मध्ये ते अधिवेशन भरलं, सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते आणि त्यानंतरचं राजकारण सर्वांना ठाऊक आहे. आज सराफा आणि बडा फुहाऱ्याच्या गर्दीत ही कमान उभी आहे आणि तिथे वनस्पतिशास्त्र आठवावं असं वरवर काही दिसत नाही. पण या भागातल्या कुठल्याही जुन्या बाजारात मिळणाऱ्या तीन वस्तू घ्या : पानटपरीवरचं विडीचं बंडल, देवपूजेची तुळस आणि काढ्यासाठी वाळवलेली मुळं. विडीचं पान ज्या झुडपावरून खुडलेलं असतं ते कमरेच्या वर क्वचितच जातं. तुळशीला झाड म्हणायचं की रोप, हे घरोघरी कोणी ठरवलेलं नाही. काढ्याची निम्मी मुळं गुडघाभर उंचीच्या वनस्पतींची असतात. लाकूड आहे, पण वृक्ष नाही. दर वर्षी पालवी नवी, पण वनस्पती जुनीच. या मधल्या वर्गाला वनस्पतिशास्त्रात उपझुडूप म्हणतात, आणि त्याच्याकडे अपुरं राहिलेलं झाड म्हणून पाहण्याची सवय वनखात्याच्या फितीपासून महसुलाच्या दप्तरापर्यंत सगळीकडे मुरलेली आहे. ती सवय चुकीची आहे. ठेंगणेपणा ही या वनस्पतींची पुरी झालेली वाढ आहे, आणि ती कशासाठी आहे हे मध्य भारताचा उन्हाळा पाहिला की कळतं.

तुळशीपासून सुरुवात करू, कारण ती पाहायला रानात जावं लागत नाही. वृंदावनातली दोन-तीन वर्षांची तुळस बुंध्याशी पाहिली तर खोड गोल असतं, साल करडी-तपकिरी, आणि नख लावलं तरी आत रुतत नाही. वीतभर वर तेच खोड चौकोनी होतं. चार कडा बोटांना लागतात, रंग हिरवा किंवा जांभळट आणि नख सहज रुततं. खाली लाकूड, वर कोवळी काडी. मंजिऱ्या येऊन वाळल्या की शेंड्याकडचा भाग सुकतो, नवी फूट खालच्या टणक भागावरच्या डोळ्यांतून येते. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्यात हे घरातल्या वडीलधाऱ्यांचं सांगणं याच रचनेवर बेतलेलं आहे. तुळशीला लाकूड असतं याचा सर्वांत सोपा पुरावा मात्र वारकऱ्याच्या गळ्यात आहे. माळेचे मणी याच बुंध्याच्या लाकडातून कातलेले असतात. कोथिंबिरीच्या किंवा पुदिन्याच्या काडीतून कोणी मणी कातून दाखवावा. उपझुडपाची व्याख्याही यापेक्षा फार वेगळी नाही. तळाकडचा भाग वर्षानुवर्षं टिकणारा आणि काष्ठमय, वरचा भाग मऊ, आणि हा वरचा भाग हंगाम संपला की थोडाफार किंवा पूर्ण मरतो. उन्हाळी म्हणजे शरपुंखा, चिकणा, रानतुळस या आपल्या बांधावरच्या वनस्पती याच घडणीच्या.

हा वर्ग आधुनिक शास्त्राने हौसेने पाडलेला नाही. इसवी सनापूर्वीच्या ग्रीसमध्ये थिओफ्रास्टसने वनस्पतींचे चार गट केले तेव्हा वृक्ष, झुडूप आणि ओषधी यांच्यामध्ये ‘फ्रुगानोन’ नावाचा चौथा गट ठेवला होता. ग्रीसच्या डोंगरांवरच्या काटेरी बुटक्या झाडोऱ्याला आजही त्याच नावाने ओळखतात. आपल्याकडे आयुर्वेदाने दशमुळांची विभागणी केली तीही उंचीच्या भेदावर जाणारी आहे. बेल, शिवण, टेटू, पाडळ, अग्निमंथ हे बृहत्पंचमूळ म्हणजे बहुतेक वृक्ष. सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी आणि गोखरू हे लघुपंचमूळ. यातला गोखरू जमिनीवर पसरणारा आणि लाकूड न धरणारा, म्हणून तो आजच्या व्याख्येत बसत नाही. पण सालवण, पिठवण आणि डोरली या तळाशी लाकूड धरणाऱ्या ठेंगण्या वनस्पती आहेत. जुन्या वैद्यांना खोडापेक्षा मुळात रस होता, आणि या वनस्पतींच्या बाबतीत तोच योग्य रस होता. त्यांचं भांडवल जमिनीखाली असतं. अर्थात त्याची किंमतही वनस्पतीलाच मोजावी लागते. बेलाचं एखादं मूळ काढलं तर बेल जगतो, सालवणीचं मूळ काढलं म्हणजे सालवण संपली.

शास्त्रीय मांडणी करायची तर क्रिस्टेन राउनकियेर या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाकडे जावं लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने एक साधा पण धारदार प्रश्न विचारला : वर्षातला सर्वांत वाईट काळ वनस्पती कशी काढते, म्हणजे पुढच्या फुटीचे डोळे ती कुठे सांभाळून ठेवते? डोळे 25 सेंटिमीटरपेक्षा उंच हवेत असतील तर एक वर्ग, जमिनीपासून 25 सेंटिमीटरच्या आत असतील तर दुसरा, जमिनीच्या पृष्ठाशी असतील तर तिसरा, जमिनीत पुरलेले असतील तर चौथा आणि बियांच्या रूपानेच तग धरणाऱ्यांचा पाचवा. उपझुडपं प्रामुख्याने दुसऱ्या वर्गातली. हे 25 सेंटिमीटर म्हणजे आपली एक वीत आणि वर थोडं. त्याच्या हिशेबाने जगातल्या वनस्पतींमध्ये या वीतभर लाकडाचं प्रमाण सुमारे 9 टक्के आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटांवर मात्र ते 22 टक्के भरलं. कारण उघड आहे. तिथे वीतभर बर्फ साचतं, त्या थराखालचे डोळे सुरक्षित राहतात आणि वर आलेले गारठ्याच्या वाऱ्याने मरतात.

इथेच त्याची वीत आपल्याला अपुरी पडते. नर्मदेच्या खोऱ्यात बर्फ नाही. इथला वाईट काळ फाल्गुनापासून मृगापर्यंतचा : कोरडी जमीन, पानगळीचा पाचोळा, आणि त्या पाचोळ्याला लागणारा वणवा. गवताच्या वणव्यात सर्वांत जास्त धग जमिनीपासून थोड्या उंचीवर असते, म्हणजे नेमका राउनकियेरच्या सुरक्षित वितीचा भाग होरपळतो. माती मात्र उष्णता फार खोल जाऊ देत नाही. दोन-तीन बोटं खाली डोळे असतील तर वरून वणवा गेला तरी ते जिवंत राहतात. म्हणून मध्य भारतात आणि दख्खनच्या माळांवर लाकूड वितीच्याही खाली सरकलेलं दिसतं : मातीलगतचा जाडजूड काष्ठमय कंद किंवा मुळाचा माथा, आणि त्यातून दर वर्षी निघणारे मऊ फुटवे. कोकणात आणि सह्याद्रीत भाजीसाठी खुडली जाणारी भारंगी याच प्रकारची. तिचे वरचे दांडे येतात-जातात, पण मुळाचा माथा तोच असतो, आणि भारंगमूळ म्हणून औषधाला लागतं ते तेच.

आफ्रिकेत या घडणीचा अभ्यास आधी झाला. 1922 मध्ये जोसेफ बर्ट डेव्ही याने तळाशी लाकूड धरण्याच्या या सवयीकडे परिस्थितीशी जुळवून घेण्याचा मार्ग म्हणून पाहिलं. पुढे 1970 च्या दशकात फ्रँक व्हाइट याने झांबेझी प्रदेशातल्या अशा वनस्पतींवर लिहिताना त्यांना आफ्रिकेची जमिनीखालची जंगलं म्हटलं. त्यात अतिशयोक्ती नव्हती. वर फूटभर दिसणाऱ्या काड्यांखाली मोठ्या झाडाच्या फांद्यांएवढं लाकूड आडवं पसरलेलं सापडतं, आणि त्यातल्या अनेकांचे सख्खे भाऊबंद शेजारच्या रानात उंच वृक्ष म्हणून उभे असतात. 2014 मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या वनस्पतींच्या वंशावळी ताडून पाहिल्यावर हेही पुढे आलं की ही सवय वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे आणि भूगर्भाच्या मापाने अलीकडे, गेल्या काही दशलक्ष वर्षांत निर्माण झाली. हा काळ आणि गवताळ सवाना पसरून तिथे वणवे नित्याचे होण्याचा काळ एकच. वेगवेगळी कुळं एकाच उत्तरापाशी पोहोचत असतील तर प्रश्न खरा होता असं मानायला हरकत नाही. इथे एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. अंगोलात काम करणाऱ्या संशोधकांनी 2016 मध्ये वणव्याऐवजी दंवाकडे बोट दाखवलं : पठारावरच्या सखल भागात रात्री पडणारी थंडी कोवळे शेंडे मारते, म्हणून लाकूड खाली गेलं. त्यांचा मुद्दा त्या पठारापुरता वजनदार आहे. पण त्याने मूळ युक्तिवाद मोडत नाही. आग असो, दंव असो की गुरांची तोंडं, वरचा भाग पुन्हापुन्हा हिरावला जातो आणि खालचा राखला जातो, एवढंच या वाढीच्या घडणीला पुरेसं आहे.

आपल्याकडे याचं नवं उदाहरण पुण्याजवळ सापडलं. तळेगाव-दाभाडे परिसरातल्या माळउतारांवरची एक वनस्पती आदित्य धारप यांनी पाहिली, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे मंदार दातार, धारप आणि लंडनच्या क्यू उद्यानाचे इयन डार्बिशायर यांनी 2024 मध्ये तिचं ‘डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा’ असं नामकरण केलं. ती वर्षातून दोनदा फुलते. पावसाळा सरल्यावर नोव्हेंबरपासून वसंतापर्यंत पहिला बहर, आणि माळावर वणवा लागून गेल्यावर मे-जूनच्या सुमारास दुसरा. दुसऱ्या बहरात काष्ठमय मुळाच्या माथ्यातून आखूड दांडे फुटतात आणि तेच फुलांनी भरतात. आधीचे उंच दांडे कुठे गेले, याची वनस्पतीला जणू फिकीरच नाही. तिच्या फुलोऱ्याची ठेवण भारतातल्या कोणत्याही जातीशी जुळत नाही. जवळचं साम्य आफ्रिकेतल्या जातींशी आहे. पुण्या-मुंबईच्या मध्ये, हजारो लोक ज्या रस्त्याने जातात त्याच्या कडेच्या माळावर अशी वनस्पती 2020 च्या आसपासपर्यंत शास्त्राच्या नजरेतून सुटली, याचा दोष तिच्या ठेंगणेपणाकडे जातो. गवतातलं ठेंगणं लाकूड कोणी वाकून पाहत नाही.

आता सर्वांत जोरकस आक्षेप. ही म्हणे मुळात झाडंच आहेत. गुरं, कुऱ्हाड आणि वणवा यांनी त्यांना खुरटवलं आहे, कुंपण घाला आणि पाहा कशी वाढतात. या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते जबलपूरच्या आसपास जितकं ठसठशीत दिसतं तितकं क्वचित कुठे. विडीचं पान देणारी टेंभुर्णी, म्हणजे तेंदू, मोकळी वाढली तर चांगला उंच वृक्ष होते, तिच्या काळ्याभोर गाभ्याचं लाकूड आबनूसाच्या जवळचं असतं. पण विडीवाल्याला वृक्ष नको असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जंगलात तेंदूचं शाखकर्तन होतं, म्हणजे झुडपं जमिनीलगत छाटतात. पसरलेल्या मुळांमधून आणि बुंध्यातून फुटवे येतात, आणि दीड-दोन महिन्यांत त्यावर हवं तसं मोठं, लवचिक, जाड शिरा नसलेलं पान तयार होतं. एप्रिल-मेच्या उन्हात कुटुंबंच्या कुटुंबं ते खुडतात आणि फडावर नेऊन देतात. मध्य प्रदेशात 50 पानांची एक गड्डी आणि अशा 1000 गड्ड्यांचा एक मानक बोरा. महाराष्ट्रात पुडा 70 पानांचा असतो. मध्य प्रदेश सरकारने 1964 मध्ये कायदा करून या पानाचा व्यापार आपल्या हाती घेतला, महाराष्ट्राने 1969 मध्ये. म्हणजे लाखो कुटुंबांचा उन्हाळ्याचा रोजगार एका झाडाला दर वर्षी झुडूप ठेवण्यावर उभा आहे. चांगली फूट यावी म्हणून पाचोळा पेटवण्याचीही जुनी रीत आहे, आणि वनखातं तिच्याविरुद्ध दर वर्षी फलक लावतं.

तर तेंदू हे खुरटवलेलं झाड आहे, हे मान्य. पण त्यावरून सगळंच ठेंगणं लाकूड खुरटवलेलं ठरवणं म्हणजे उंट पाहून सगळ्या जनावरांना कुबड असतं म्हणण्यासारखं झालं. तळेगावच्या माळावर कितीही वर्षं कुंपण ठेवलं तरी डिक्लिप्टेराचा वृक्ष होणार नाही. सालवण, उन्हाळी, चिकणा यांचाही नाही. शिवाय तेंदूचं उदाहरण नीट पाहिलं तर ते आक्षेपाच्या उलटच बोलतं. दर वर्षी छाटून, जाळूनही तेंदू मरत नाही, कारण जमिनीखाली फुटव्यांची तरतूद त्याने आधीपासून केलेली असते. मंडला-दिंडोरीकडच्या साल वृक्षाचंही तेच. सालाचं रोप उगवल्यावर कित्येक वर्षं त्याचा वरचा भाग दर उन्हाळ्यात मरतो, पावसाळ्यात पुन्हा फुटतो, आणि या सगळ्या काळात ते मूळ जाड करत राहतं. पुरेशी पुंजी जमली की मग एके वर्षी ते सरळ वर जातं. शंभर वर्षांपूर्वीचे वनाधिकारी हे ओळखून होते. मग फरक एवढाच राहतो : साल आयुष्याचा पहिला टप्पा उपझुडपासारखा काढतो, तेंदू संकट आलं की त्या रूपात परततो, आणि खरी उपझुडपं आयुष्यभर त्याच रूपात राहतात. यातलं कोणतंही अपयश नव्हे.

दुसरा आक्षेप काटेकोर मनाच्या वाचकाचा. लाकूड कुठे संपतं आणि काडी कुठे सुरू होते याची रेघच आखता येत नसेल, तर हा वर्ग कसला? रेघ आखता येत नाही हे खरं. लाकूड म्हणजे खोडातल्या ऊतिकरापासून वर्षानुवर्षं साचत गेलेला थर, आणि तो थर थोडाफार बनवण्याची क्षमता बहुतेक द्विदल वनस्पतींत असतेच. 2008 मध्ये बेल्जियममधल्या गेंट इथल्या शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या अरेबिडॉप्सिस या इवल्याशा, काही आठवड्यांत मरणाऱ्या तणाची फुलण्याची वेळ ठरवणारी दोन जनुकं निकामी केली, तेव्हा ते तण कितीतरी अधिक काळ जगू लागलं आणि त्याच्या बुंध्यात लाकूड धरलं. लाकूड ही कळ आहे, भिंत नव्हे. पण म्हणूनच ती कळ कोणत्या वनस्पतीने किती आणि कुठे दाबली हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. लहानपण आणि तारुण्य यांच्यातही रेघ नसते, म्हणून कोणी लहानपण नसतं असं म्हणत नाही.

एवढा ऊहापोह पुस्तकात राहिला असता तरी चाललं असतं, पण त्याचा संबंध जमिनीच्या दप्तराशी आहे. 1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूरची होती, आणि महसुलाच्या नोंदीही एकाच वळणाच्या. मध्य प्रदेशातल्या जुन्या नोंदींत ‘छोटे झाड का जंगल’ आणि ‘बडे झाड का जंगल’ असे दोन रकाने आढळतात. राज्यपुनर्रचनेनंतर महाराष्ट्रात आलेल्या नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आजच्या जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद राहिली. सुमारे 86 हजार हेक्टरांची ही जमीन प्रामुख्याने गुरचरणीची, मुरमाड, आणि धड जंगल नाही, धड मोकळी नाही अशी मानली गेली. तिच्यावर शाळा, वस्त्या, दवाखाने, कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि दशकानुदशकं वाद चालला. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आपल्याच 1996 च्या आदेशानुसार ही जमीन वनच आहे, मात्र पूर्वीपासून झालेल्या वापरांना सवलत मिळावी. कायद्याने ठेंगण्या लाकडाला वनाचा दर्जा दिला, हे मोलाचंच आहे. पण वनाची मोजणी अजून वेगळ्याच फितीने होते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या लेखी एक हेक्टर जमिनीवर वृक्षांच्या माथ्यांची सावली किमान 10 टक्के असेल तर वन, त्याखाली झुडपी प्रदेश. झाडाचा घेर मोजायची उंची 1.37 मीटर. आयुष्यभर गुडघ्याच्या वर न गेलेलं लाकूड या फितीला लागतच नाही, आणि जमिनीखालचं तर मुळीच नाही.

यावर पर्यावरणप्रेमींचाच एक आक्षेप येतो, तो प्रामाणिक असतो म्हणून त्याचं उत्तर जास्त अवघड. असे माळ जंगलतोडीचे अवशेष आहेत, तिथे झाडं लावली तर सावली येईल, पाणी मुरेल, कर्बही साठेल. अडचण कुठे आहे? काही माळ खरोखर तोडीतून झालेले आहेत, त्यांच्याबाबत हा मार्ग चुकीचा नाही. पण सगळे तसे नाहीत. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातले रानटी वनस्पतींचे उल्लेख गोळा करून 2025 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात आज ज्या काटेरी, माळाच्या वनस्पती दिसतात, त्याच बहुतांशी साडेसातशे वर्षांपूर्वीच्या वर्णनांतही आहेत. म्हणजे इंग्रजांच्या कुऱ्हाडीआधीही हा माळ माळच होता. इथे घाणेरीचं उदाहरण देऊन झुडपं म्हणजे उपद्रव असं सांगणारेही भेटतात; घाणेरी बाहेरून आलेली आहे, पुरुषभर उंच होते, आणि तिची कीड इथल्या वीतभर लाकडाच्या माथी मारण्याचं कारण नाही.

राहिला रोपणाचा खड्डा. वनीकरणात खड्डा साधारण 30 ते 45 सेंटिमीटर खोल घेतात, म्हणजे मुळांचे काष्ठमय माथे आणि त्यातले डोळे ज्या थरात असतात तोच थर खणून वर फेकला जातो. वर सावली धरणारं रोप लागतं, माळाचं गवत विरळ होतं, वणवा थांबतो, आणि आगीनंतर फुलणाऱ्या जातींचा दुसरा बहरही थांबतो. झुडपी जंगलाच्या निकालात न्यायालयाने पर्यायी वनीकरणासाठी ही जमीन सरसकट वापरू नये असं म्हटलं आहे. वनेतर जमीन उपलब्ध नाही असं मुख्य सचिवांनी प्रमाणपत्र दिलं तरच ती घ्यायची, आणि तीही दुप्पट. ही अट जमिनीच्या हिशेबासाठी घातलेली आहे, वनस्पतींसाठी नव्हे. त्या प्रमाणपत्रापूर्वी एप्रिल-मेमध्ये एकदा आणि पहिल्या पावसानंतर एकदा माळावर जमिनीलगत काय फुटतं याची नोंद घ्यावी असं कुठल्याही नियमात अजून लिहिलेलं नाही, आणि ती नोंद घ्यायला एका वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराचा आठवडाभराचा वेळ पुरेसा आहे.